नगर ते कुंडलिका: रस्त्याची वाट, पाण्याची वाट

कोलाडजवळची कुंडलिका ही राफ्टिंगसाठी महाराष्ट्रात सर्वाधिक ओळखली जाणारी नदी. अहिल्यानगरहून तिथल्या नदीकाठच्या तंबूंपर्यंत सुमारे सव्वादोनशे किलोमीटरचा रस्ता आहे. राफ्ट सकाळी सुटतात, म्हणून नगरकर आदल्या दिवशीच निघतात आणि मुक्कामाला कॅम्पवर पोहोचतात.

सीनेकाठचे नगर सोडल्यावर सुपे लागते, शिरूरला घोडनदी ओलांडली की पुणे जिल्हा सुरू होतो. कोरेगावला भीमा, पुण्यात मुळा आणि मुठा भेटतात. या साऱ्या नद्यांचे पाणी भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. पुण्यापुढे पिरंगुट, पौड करत रस्ता मुळशीच्या जलाशयाला वळसा घालतो, ताम्हिणी घाट उतरतो आणि विळे येथून कोलाडकडे वळतो.

पाणीही हाच डोंगर ओलांडते. मुळशी धरणात अडवलेले मुळेचे पाणी टाटांच्या वीजप्रकल्पासाठी पश्चिमेकडे वळवले आहे. सुमारे ५०० मीटर खाली, भिरा येथे १९२७ मध्ये सुरू झालेल्या वीजगृहातील चक्रे ते फिरवते आणि कुंडलिकेत उतरते. पूर्वेच्या समुद्राकडे निघालेले पाणी असे अरबी समुद्राला जाते.

या धरणात मावळातील शेतकऱ्यांची गावे आणि भातखाचरे बुडणार होती. त्याविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह उभा राहिला. त्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट पारनेरचे. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना याच लढ्याने दिली. धरण थांबले नाही. पण विस्थापितांचा प्रश्न या देशात ठामपणे मांडला गेला, तो या लढ्यात. सुप्याहून जाणारा प्रत्येक नगरकर त्या पारनेरच्या शिवेवरून जातो, हे विसरता कामा नये.

भिऱ्याहून आलेले पाणी रवाळज्याजवळ पुन्हा अडवून सोडतात. त्यामुळेच एरवी सह्याद्रीतल्या नद्या उन्हाळ्यात आटत असताना कुंडलिका भर मे महिन्यातही वाहते. राफ्टिंगचा टप्पा साधारण १२ किलोमीटरचा. पाणी सुटण्याच्या वेळेवर सगळे वेळापत्रक बांधलेले असते. उशिरा पोहोचणाऱ्याला त्या दिवशी नदी मिळत नाही.

काठावर आधी लाइफ जॅकेटचे पट्टे आवळतात, हेल्मेट बांधतात. राफ्टच्या फुगीर कडेवर बसून पाय आतल्या फुगवट्याखाली रोवायचे असतात. एका हाताचा तळवा वल्ह्याच्या मुठीवर, दुसरा हात दांड्यावर. गाइडने ‘फॉरवर्ड’ म्हणताच सगळ्यांनी एकदम वल्हे मारायचे. पाण्यात पडल्यास उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवायचे, म्हणजे खडक आधी पायांना लागतो, डोक्याला नाही. खळाळ संपून नदी संथ झाली की राफ्ट काठाला लावतात आणि पुढचे पाणी रोह्यावरून खाडीकडे निघून जाते.