व्हँडा : नाव आणि कूळ

झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीस सरसकट बांडगूळ म्हणण्याची रीत आहे. संस्कृतातील ‘वंदा’ हा शब्दही अशाच वनस्पतींचा वाचक. त्यावरून आमर कुलातील एका प्रजातीस ‘व्हँडा’ हे नाव मिळाले व १८२० साली ते शास्त्रात रूढ झाले. मात्र बांडगूळ झाडाचा रस शोषते. व्हँडा नुसता आधार घेते आणि लोंबत्या मुळांनी पावसाचे पाणी टिपते.

भारत-श्रीलंकेपासून जपानपर्यंत व दक्षिणेस उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत तिचा विस्तार आहे. महाराष्ट्र-गोव्यात तिची एक जाती आंब्यावरही आढळते. प्रसिद्ध निळी व्हँडा मात्र ईशान्येकडील खासी टेकड्यांसारख्या डोंगरांत वाढते. फुलांच्या लोभाने तिची रानातून वारेमाप लूट झाली.

या प्रजातीच्या सीमाही बदलत आल्या आहेत. १९८१ साली सिंगापूरने राष्ट्रीय पुष्प ठरविलेली ‘व्हँडा मिस जोआकिम’ आता पॅपिलिओनँथी या प्रजातीत गणली जाते. उलट जपानमधील निओफिनेशिया आनुवंशिक तपासणीनंतर २०१२ साली व्हँडात समाविष्ट झाली.

म्हणून बांडगूळ काढताना मुळे आधी पाहावीत. ती सालीबाहेर मोकळी लोंबत असतील, तर ते बांडगूळ नव्हे. फांदी तोडण्याचे कारण नाही.