अंगावरची गाठ : भीती, दुर्लक्ष आणि शस्त्रक्रिया

उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला जे प्रश्न विचारतात, त्यांत पाच रोगांची नावे येतात. कुष्ठ, गंड, किलास, शोष आणि अपस्मार. विनयपिटकातील महावग्गात या प्रश्नांमागची हकीकत दिलेली आहे. मगध देशात हे पाच रोग फार पसरले होते. जीवक हा बिंबिसार राजाचा आणि भिक्खू संघाचा वैद्य. त्याचे उपचार मिळावेत म्हणून पुष्कळ रोगी चीवर धारण करू लागले आणि बरे होताच चीवर टाकून घरी परतू लागले. तेव्हा अशा रोग्यांना प्रव्रज्या देऊ नये, अशी विनंती जीवकानेच तथागतांना केली. या पाचांतला गंड म्हणजे गळू, गाठ, सूज. आपल्या मराठीतले गलगंड आणि गंडमाळ हे शब्द त्याच कुळातले.

अंगावर उठणाऱ्या गाठींपैकी सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत निरुपद्रवी म्हणजे चरबीची गाठ. डॉक्टर तिला लायपोमा म्हणतात. त्वचेखालच्या चरबीच्या पेशी एका ठिकाणी वाढतात, त्यांच्याभोवती पातळ आवरण तयार होते आणि गोळा बनतो. हाताला तो मळलेल्या कणकेसारखा मऊ लागतो. कडेला बोट दाबले की खालून निसटतो. दुखत नाही, वाढतो तोही वर्षानुवर्षे, हळूहळू. पाठ, खांदा, मान, दंड, मांडी या त्याच्या नेहमीच्या जागा आणि चाळिशी ते साठी हे नेहमीचे वय. काही घराण्यांत बाप-लेकांच्या अंगावर अशा अनेक गाठी दिसतात. लठ्ठ माणसालाच ही गाठ होते असे नाही, आणि उपास करून किंवा मालीश करून ती विरघळतही नाही.

आमच्या उजव्या खांद्यावर अशी एक गाठ दहा-बारा वर्षे होती. सुरुवातीला सुपारीएवढी, पुढे चिकूएवढी झाली. लोकलच्या गर्दीत खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा तिच्यावर घासू लागला तेव्हा तिची दखल घेणे भाग पडले. सल्ले देणारे पुष्कळ भेटले. कोणी चुना लावायला सांगितला, कोणी घोड्याच्या केसाने बांधायला. (तो उपाय चामखिळीचा, पण सांगणाऱ्याला त्याचे काय!) एका वृद्ध बाईंनी अंगारा सुचवला. 1956 साली बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांच्या घरांतही अंगाऱ्याची पुडी कुठल्या तरी फळीवर अजून सापडते, हे खेदाने नमूद करावे लागते. मात्र सर्वांचे एका गोष्टीवर एकमत होते. चाकू लावू नका, चाकू लावला की पसरते.

वास्तविक शस्त्रक्रियेची भीती आपल्याला तरी वाटू नये. याच जीवकाने वाराणसीच्या श्रेष्ठीपुत्राच्या पोटाला छेद देऊन आतड्याची गाठ सोडवली, पोट शिवले आणि वर लेप लावला, अशी कथा महावग्गातच आहे.

शेवटी आम्ही परळला के.ई.एम.मध्ये केसपेपर काढला. डॉक्टरांनी गाठ दाबून, सरकवून पाहिली आणि पुढची तारीख दिली. त्या दिवशी भूल फक्त त्या जागेपुरती दिली. इंजेक्शनची आग क्षणभर होते, मग नुसते ओढल्यासारखे कळते. त्वचेच्या रेषेला धरून छेद घेतात, आवरण मोकळे करतात आणि दोन्ही बाजूंनी दाबून गाठ बाहेर काढतात. ट्रेमध्ये ठेवलेला तो गोळा फणसाच्या गऱ्यासारखा पिवळा दिसत होता. अर्ध्या तासात टाके पडले, आठ-दहा दिवसांनी निघाले. आवरणासकट निघालेली गाठ त्याच जागी सहसा पुन्हा होत नाही. जखमेत रक्त किंवा पाणी साचणे, पू होणे असे त्रास क्वचित होतात. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर ते आधीच सांगावे.

काढलेली गाठ बाटलीत घालून तपासणीला गेली. हा रिपोर्ट घ्यायला पुष्कळ जण परत जातच नाहीत. टाके निघाले, काम झाले असे समजतात. आमचा रिपोर्ट साधी चरबीची गाठ असाच आला. खरे तर अशी प्रत्येक गाठ काढावीच लागते असे नाही. दुखत नसेल, वाढत नसेल, अडत नसेल, तर निदान झाल्यावर ती तशीच ठेवली तरी चालते.

पण हे निदान करायचे कोणी? येथे आम्हाला आमची चूक सांगणे आवश्यक आहे.

आमच्या इमारतीतल्या एका काकूंच्या मांडीला गाठ आली. त्यांनी ती आमच्या पत्नीला दाखवली. पत्नी म्हणाली, "जरा टणक लागते हो, हलत पण नाही." आम्ही वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणालो, "चरबीचीच असणार, माझ्यासारखी. काही होत नाही." पदवीधर माणूस, बँकेत नोकरी, शिवाय स्वतःचे ऑपरेशन झालेले. काकूंनी आमचा शब्द मानला आणि जवळजवळ वर्ष काढले. तोवर गाठ मुठीपेक्षा मोठी झाली. ती चरबीच्या कॅन्सरची निघाली.

साधी चरबीची गाठ कॅन्सरमध्ये बदलते, असे सहसा होत नाही. चरबीचा कॅन्सर बहुतेक वेळा पहिल्यापासूनच वेगळा असतो, पण वरून तो तिच्यासारखा दिसू शकतो. गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी असेल, भराभर वाढत असेल, टणक असेल, स्नायूंत खोल रुतलेली असेल, दुखत असेल किंवा काढल्यावर पुन्हा आली असेल, तर थांबू नये. स्तनातली गाठ कितीही लहान असो, तिला चरबीची म्हणण्याचा अधिकार घरातल्या कोणालाच नाही. मानेतली गाठ क्षयाची असू शकते, जांघेतली हर्निया. तैलग्रंथी तुंबून होणारी गाठ आणखी निराळी. ती त्वचेला चिकटलेली असते, तिच्यावर बहुधा काळा ठिपका असतो आणि ती पिकते. इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज याच्या डोक्यावरची अशी गाठ अ‍ॅस्टली कूपर या सर्जनने काढली आणि त्याबद्दल त्याला सरदारकी मिळाली.

'चाकू लावला की पसरते' या म्हणण्यात सत्याचा अंश असेल तर तो एवढाच की संशयास्पद गाठ तपासणीशिवाय साध्या गाठीसारखी काढली तर कॅन्सरच्या पेशी मागे राहतात आणि पुढचे ऑपरेशन अवघड होते. म्हणून अशा गाठीची आधी सोनोग्राफी किंवा एम.आर.आय. करतात, सुईने तुकडा काढून तपासतात आणि मगच ऑपरेशन ठरवतात. आपल्या परळला के.ई.एम. 1926 पासून आणि टाटा हॉस्पिटल 1941 पासून उभे आहे, दोन्ही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. देशाच्या कानाकोपऱ्यातून रोगी येथे येऊन फुटपाथवर झोपतात. आणि आपण लालबाग-परळची माणसे शेजाऱ्याला विचारून वर्ष घालवतो.

काकूंवर टाटामध्ये शस्त्रक्रिया झाली, नंतर रेडिएशन झाले. पाय वाचला. जिना चढताना त्या कठड्याला धरतात. तपासणीच्या तारखेला सोबत कोणी नसेल तर आम्ही जातो. त्यांनी आम्हाला कधी बोल लावला नाही.

गेल्या महिन्यात इमारतीतल्या एका मुलाने दंडावरची गाठ दाखवून विचारले, "काका, ही तुमच्यासारखीच ना?" बोट लावून पाहिले. मऊ होती, सरकतही होती. आम्ही त्याला केसपेपरची खिडकी कुठे आहे ते सांगितले आणि सकाळी लवकर जाऊन रांग लाव म्हटले.