‘अजून एक घे’ आणि ‘छान भरलीस हं’ : खाण्याच्या विकारातून बरं होताना

पाहुण्याने पानावर हात आडवा धरलेला असताना बोटांच्या फटीतून तूप सोडणं, याला आपल्याकडे प्रेम म्हणतात. यजमानाने दोनदा विचारायचं, पाहुण्याने दोनदा ‘नको’ म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, हा खेळ आपल्या सगळ्यांना पाठ आहे. म्हणजे आपल्या पंगतीत ‘नको’चा अर्थ बऱ्याचदा ‘विचारा अजून एकदा’ असा असतो.

आता या पंगतीत एक मुलगी बसलीये अशी कल्पना करा. सहा महिन्यांपूर्वी ती अ‍ॅनोरेक्सियामुळे हॉस्पिटलमध्ये होती. आज काय आणि किती खायचं हे तिने डाएटिशियनसोबत आधीच ठरवलंय आणि सकाळपासून ती मनाची तयारी करतेय. तेवढ्यात मावशी म्हणते, “एवढंच? अगं, पाखरू जास्त खातं!” आणि पलीकडून काका म्हणतात, “राहू दे गं, आता छान भरलीये की ती!” एका मिनिटाच्या आत दोन वाक्यं, दोन्ही मायेची. आणि तिची सकाळपासूनची तयारी पाण्यात.

तुम्ही त्या पानावर बसणारे असाल किंवा वाढणारे असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. माझं पीएचडीचं काम आतड्यातून मेंदूकडे जाणाऱ्या भुकेच्या संकेतांवर आहे, तेही उंदरांमध्ये. उंदरांना कोणी आग्रह करत नाही, त्यामुळे आजच्या विषयासाठी मला माझ्या लॅबच्या बाहेरचं बरंच वाचावं लागलं.

आधी पोटाचं बोलू. बराच काळ कमी खाल्लेल्या माणसाचं जठर हळू रिकामं होतं. सकाळी खाल्लेलं दुपारपर्यंत पोटात बसून आहे असं वाटतं. म्हणून चार घासांत ‘पोट भरलं’ म्हणणारी व्यक्ती नाटक करत नसते, तिला खरंच तसं वाटत असतं. गंमत अशी की हे बरं होण्याचा मार्गही नियमित खाणं हाच आहे. काही आठवडे ठरलेल्या वेळी खात राहिलं की जठराचा वेग सुधारतो. म्हणजे या काळात ‘भूक लागली की खा’ हा एरवी शहाणपणाचा असलेला सल्ला कामाचा नाही, कारण भुकेचं घड्याळच बिघडलेलं आहे. म्हणून तर डॉक्टर वेळापत्रक करून देतात.

आणि दुसऱ्या टोकाला, खूप वजन घटलेल्या माणसाला घरच्या घरी एकदम भरपूर खाऊ घालणं धोक्याचं असतं. अचानक अन्न मिळालं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट पेशींमध्ये ओढलं जातं आणि रक्तात ते इतकं कमी होऊ शकतं की हृदयाचे ठोके बिघडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिलं होतं. ‘चार दिवस माझ्याकडे पाठवा, बघा कशी गुटगुटीत करते’ हे ऐकायला गोड आहे, पण अशा अवस्थेत रक्ताच्या तपासण्यांशिवाय तसं करू नये.

आता मनाचं. १९४४ साली मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने एक प्रयोग सुरू केला. युद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले ३६ निरोगी तरुण स्वतःहून त्यात आले. युरोपातल्या उपासमारीनंतर लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे शोधायचं होतं, म्हणून या तरुणांना आधी २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. (रोज किती कॅलरी दिल्या तो आकडा मी मुद्दाम लिहीत नाहीये. ज्यांच्यासाठी हा लेख आहे त्यांच्या डोक्यात असे आकडे आधीच खूप असतात.) हळूहळू ते अन्नाशिवाय दुसरा विचार करेनासे झाले. कोणी पाककृतींची पुस्तकं जमवू लागला, कोणी एक जेवण तास-तासभर लांबवू लागला, ताटं चाटून पुसून ठेवू लागला. चिडचिड वाढली, माणसांत मिसळणं कमी झालं. हे सगळे प्रयोगाआधी मनाने धडधाकट म्हणून निवडलेले होते, हे लक्षात ठेवा. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढे आहे: जेवण वाढवल्याबरोबर मन ताळ्यावर आलं नाही. काही जण सुरुवातीला आणखी चिडके आणि उदास झाले.

तर घरातली मुलगी जेवताना घासाचे बारीक तुकडे करते, अर्धा तास भात चिवडते, ‘काय झालं?’ विचारलं की अंगावर येते, तेव्हा त्यातला मोठा भाग उपासमारीचा असतो. तिच्या स्वभावाचा नव्हे. विकार म्हणजे फक्त उपासमार नाही, हेही खरं. वजन वाढण्याची भीती त्या ३६ जणांना नव्हती, हिला आहे. शिवाय बुलिमिया किंवा बिंज ईटिंगमध्ये माणूस बारीक दिसेलच असं नाही, आणि हे विकार मुलग्यांनाही होतात. त्यांच्या वाट्याला मग ‘तुला कसला आलाय आजार!’ येतं, जे वेगळंच दुखणं.

मग आग्रहाने काय होतं? २००६ साली अमेरिकेतला एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. बालवाडीच्या वयाच्या मुलांना सूप दिलं. एका सूपच्या वेळी मोठी माणसं सारखी ‘सूप संपव’ म्हणत राहिली, दुसऱ्याच्या वेळी काहीच बोलली नाहीत. टोकलेलं सूप मुलांनी कमी खाल्लं आणि त्याला नावंही जास्त ठेवली. वाचून मला आपल्याकडच्या दुधाच्या पेल्यांची आठवण झाली. पण थांबा. ती निरोगी मुलं होती. ‘म्हणजे आग्रह वाईट, आजारी माणसाला त्याच्या मनावर सोडा’ असा निष्कर्ष यातून काढला, तर आपण भलत्याच खड्ड्यात पडू.

एके काळी डॉक्टरही त्याच दिशेने गेले होते. ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव देणाऱ्या विल्यम गल यांनी १८७०च्या दशकातच लिहून ठेवलं होतं की या रुग्णांची शुश्रूषा करायला नातेवाईक सहसा सर्वांत वाईट. पुढे कित्येक दशकं मुलीला घरापासून दूर ठेवणं हा उपचारच मानला गेला. मग लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमधल्या गटाने उलट वाट धरली. १९८७ साली त्यांनी ८० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा आजार १९ वर्षांच्या आत सुरू झाला होता आणि ३ वर्षांपेक्षा कमी जुना होता, त्यांना एकट्याने घेतलेल्या उपचारापेक्षा कुटुंबासोबतच्या उपचाराचा जास्त फायदा झाला. या उपचारात आईवडील रोज शेजारी बसून मुलीला खायला लावतात. हो, लावतात. मग हा आग्रह आणि मावशीचा आग्रह यात फरक काय?

याच गटाचा २०००चा अभ्यास इथे उपयोगी पडतो. ४० मुलामुलींपैकी निम्म्यांना आईवडिलांसोबत एकत्र बसवून उपचार दिला. उरलेल्यांच्या बाबतीत मूल वेगळं आणि आईवडील वेगळे भेटायचे. ज्या घरांत आई मुलीवर खूप टीका करायची, तिथे वेगळं भेटणंच जास्त गुणाचं ठरलं. (आईलाच का धरलं म्हणाल, तर मोजमाप तसं झालं होतं. बाबा लोक टीका करत नाहीत असा अर्थ कृपया काढू नका.) कुटुंब तेच, खायला लावणंही तेच. माणूस टीकेच्या माऱ्याखाली बसून खातोय की नाही, याने फरक पडला.

मला यातून समजलेली गोष्ट अशी: शेजारी बसून खायला लावणारा माणूस बरं करू शकतो, जर किती खायचं हे आधी, ताटापासून लांब, ठरलेलं असेल आणि ताटावर बसल्यावर तो शरीराबद्दल, स्वभावाबद्दल, ‘आम्हाला किती त्रास देतेस’बद्दल बोलत नसेल. मावशीचा आग्रह यात बसत नाही. तिला प्लॅन माहीत नसतो, ती ऐन पानावर नवी मागणी करते, आणि वर शेरा मारते.

बरं होत असलेल्या वाचकांसाठी यात एक अवघड गोष्ट आहे आणि ती मी गुळमुळीत करून सांगणार नाही. ‘माझ्यावर प्रेशर आणू नका’ हे वाक्य कधी तुमचं असतं, कधी आजाराचं. आतून दोन्ही सारखीच वाटतात. म्हणून स्वतःला एवढंच विचारून बघा: मी आत्ता ज्याला नको म्हणतेय, ते माझ्या ठरलेल्या जेवणात आहे का? नसेल, तर खुशाल नाही म्हणा, अपराधी वाटून घेऊ नका. असेल, तर समोरचा माणूस कितीही नकोसा वाटला तरी या घासापुरता तो तुमच्या बाजूचा आहे.

नातेवाइकांना कारणं देत बसू नका. कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो. “मावशी, डॉक्टरांनी ठरवून दिलंय, तेवढंच घेते” इतकं पुरे. आपल्याकडे डॉक्टरांच्या नावाला जो मान आहे तो इथे बिनधास्त वापरा. पुन्हा विचारलं तर तेच वाक्य, त्याच आवाजात. ‘छान भरलीस’ला काही उत्तरच द्यावं लागत नाही, “बरं वाटतंय आता. तुमचा गुडघा कसा आहे?” म्हणा, गाडी गुडघ्यावर जाते आणि अर्धा तास तिथेच राहते. पण सगळं तुम्हीच कशाला बोलायचं? समारंभाला जाण्याआधी घरातलं एक माणूस नेमा, जे तुमच्या शेजारी बसेल आणि “काकू, तिचं मी बघते” म्हणून वाढणाऱ्याला पुढे धाडेल.

घरच्यांनो, तुमच्यासाठी एकच प्रसंग सांगते, कारण त्यात चूक माझी होती. हॉस्टेलमधली एक मैत्रीण बरी होत होती तेव्हा मी मेसमध्ये तिच्या समोर बसून तिचे घास मोजायचे. वर “तू नाही खाल्लंस तर मी पण जेवणार नाही” असंही एकदा म्हणाले. ती उठून गेली आणि दोन दिवस मेसला आली नाही. नंतर तिच्या थेरपिस्टने मला सांगितलं की समोर नको, शेजारी बस, आणि अडली तर फक्त “अवघड आहे, माहितीये, मी आहे, पुढचा घास घे” एवढं म्हण. मग मी माझ्या उंदरांच्या कहाण्या सांगू लागले. जेवणानंतरचा तास तिला सर्वांत जड जायचा, तेव्हा आम्ही पत्ते खेळायचो. ती रमीत अजूनही मला हरवते.

राहता राहिला उपवास. आपल्याकडे ‘खा’चा दबाव आहे तसा ‘खाऊ नको’चाही आहे: श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस, घरातल्या सगळ्यांचा असतो म्हणून धरलेला. आजाराला यासारखी सोय नाही. न खाण्याचं कौतुक होतं आणि कोणी प्रश्नही विचारत नाही. रिकव्हरीत असाल तर उपवास नाही, आणि घरात हे तुमच्याऐवजी आजीने किंवा आईने जाहीर केलं तर उत्तम. ‘औषधं चालू आहेत’ म्हटल्यावर बहुतेक घरांत आजारी माणसाला सूट मिळते. हाही आजारच आहे.

चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, पाणीही पोटात न टिकणं, यातलं काही होत असेल तर लेख वाचत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. जीव नकोसा झालाय किंवा नुसतं कोणाशी बोलायचंय, तर सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. फोन घरच्यांनी केला तरी चालतो.