नगरसेवक : दारातला आणि सभागृहातला
(द्वितीय वर्ष, कला)

नगरसेवकाचे काम कोणते, असा प्रश्न आमच्या वस्तीत कोणालाही विचारला तर उत्तर चटकन मिळते. नळाला पाणी आले नाही तर पाणी सोडणाऱ्या माणसाला फोन करणे, गटार तुंबले तर मुकादमाला बोलावणे, खांबावरचा दिवा लावून घेणे, दवाखान्यात खाट मिळवून देणे, पोरगा पोलिस ठाण्यात अडकला तर जाऊन उभे राहणे, लग्नाला आणि मयतीला न चुकता हजर राहणे. हाच प्रश्न राज्यशास्त्राच्या पेपरात आला तर उत्तर अगदी वेगळे लिहावे लागते. तेथे नगरसेवक म्हणजे नगरपरिषदेचा सदस्य. तो ठराव मांडतो, अंदाजपत्रकावर चर्चा करतो, कारभारावर देखरेख ठेवतो.

एकाच माणसाची ही दोन वर्णने आहेत. पण त्यांचा एकमेकांशी जणू संबंधच नाही. एक नगरसेवक दारातला, दुसरा सभागृहातला. आपण मत देतो ते दारातल्या नगरसेवकाला आणि कायद्याने निर्माण केला आहे तो सभागृहातला. या फरकामुळे आपल्यासारख्या लहान शहरांचे काय होते, ते समजून घेण्याचा हा एक अल्प प्रयत्न आहे.

प्रथम दारातल्या नगरसेवकाविषयी. त्याची थट्टा करणे सोपे आहे. पण त्याचा दिवस सुखाचा नसतो. पाणी पहाटे येणार असेल तर त्याचा फोनही पहाटेच वाजतो. सकाळी ओट्यावर माणसे बसलेली असतात. कोणाला रहिवासी दाखला हवा, कोणाच्या रेशन कार्डात नाव चढवायचे, कोणाच्या भिंतीवरून शेजाऱ्याशी तंटा. गणपतीची वर्गणी, जयंतीची वर्गणी, क्रिकेटच्या सामन्यांचे बक्षीस, हे सारे त्याच्याच खिशातून जाते अशी लोकांची समजूत असते. एका मयतीला तो पोहोचला नाही तर ते घर पाच वर्षे ती गोष्ट विसरत नाही.

लोक असे का वागतात? सरळ कचेरीत जाऊन अर्ज का देत नाहीत? सुशिक्षित माणसे हा प्रश्न मोठ्या सहजतेने विचारतात. माझे वडील बाजार समितीत हमाली करतात. आमच्या घरात स्वतःच्या हाताने अर्ज लिहिणारी पहिली व्यक्ती मीच. ज्याला खिडकीपलीकडच्या माणसाची भाषा येत नाही, अर्ध्या दिवसाचा खाडा परवडत नाही आणि 'उद्या या' हे वाक्य ज्याच्या ओळखीचे आहे, तो ओळखीचा माणूस शोधणारच. दारातला नगरसेवक म्हणजे गरिबाने कचेरीपर्यंत जाण्यासाठी धरलेला हात. म्हणून त्याला कमी लेखणे मला मान्य नाही. परंतु हात धरून कचेरीत जाणे आणि कचेरीचा कारभार सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही विसरता येत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्रातील नगरपरिषदा १९६५ च्या अधिनियमानुसार चालतात. लोकसंख्येप्रमाणे त्यांचे तीन वर्ग आहेत : एक लाखाहून अधिक वस्तीच्या 'अ', चाळीस हजार ते एक लाखाच्या 'ब' आणि त्याहून लहान 'क'. दिवाबत्ती, सफाई, पाणीपुरवठा, आग विझवणे, जन्ममृत्यूची नोंद, स्मशानभूमी ही नगरपरिषदेची आवश्यक कर्तव्ये आहेत. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने या संस्थांना संविधानात स्थान दिले. ती दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली आणि बाराव्या अनुसूचीत नागरी कारभाराचे अठरा विषय नोंदले गेले.

मात्र प्रत्यक्ष कारभार मुख्याधिकाऱ्याच्या हाती असतो, आणि मुख्याधिकारी हा राज्य सरकारचा अधिकारी असतो. एकट्या नगरसेवकाला कायद्याने साध्या सफाई कामगारालाही हुकूम देता येत नाही. तो फोन करतो ती खरे म्हणजे विनंती असते. लोकांना मात्र ती आज्ञा वाटते. त्याचा खरा अधिकार एकाच ठिकाणी आहे, तो म्हणजे सभागृहात. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा भरवायची असते. सभेच्या आधी विषयपत्रिका घरी येते. तिच्यातील प्रत्येक विषयावर त्याला बोलता येते, विरोध नोंदवता येते आणि मत देता येते. पाणीपुरवठा, बांधकाम, आरोग्य, महिला व बालकल्याण अशा विषय समित्या असतात. कर किती बसवायचा, कोणता रस्ता आधी घ्यायचा, कोणाची निविदा स्वीकारायची हे तेथे ठरते. सभेने केलेल्या ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला असतो, ही गोष्ट निराळी. तरीही वस्तीतील गटार पुढची दहा वर्षे तुंबणार की नाही, याचा निर्णय मुकादमाच्या फावड्यापेक्षा या सभेतच अधिक होतो.

पैशाचा प्रश्नही समजून घेतला पाहिजे. नगरपरिषदेचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी आणि गाळ्यांचे भाडे. पूर्वी जकात हा मोठा आधार होता. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि तिच्या बदल्यात सरकारकडून अनुदान येऊ लागले. घरपट्टी वाढवली तर मते जातात, म्हणून ती वाढवायला कोणी धजत नाही. मग उरतो तो वरून येणारा निधी. तो आणायचा तर आमदाराशी, मंत्र्याशी जुळवून घ्यावे लागते. चौकातल्या फलकांवर 'अमुक कोटींचा निधी आणल्याबद्दल अभिनंदन' असे लिहिलेले आपण रोज वाचतो. त्या फलकाचा अर्थ असा, की शहराचे पोट शहराच्या कमाईवर भरत नाही. स्थानिक राजकारणात गट, पक्ष आणि पक्षांतर यांना एवढे महत्त्व का, याचे उत्तर येथे सापडते. नगरसेवकाच्या मताला आणखी एका प्रसंगी मोल येते. विधान परिषदेवर स्थानिक संस्थांच्या मतदारसंघातून आमदार निवडायचा असतो, तेव्हा वर्षानुवर्षे ओळख न दाखवणारे पुढारीही त्याची आठवण काढतात.

दारातला आणि सभागृहातला नगरसेवक यांतला फरक आपल्याला किती कमी जाणवतो, याचा पुरावा अलीकडच्याच काळाने दिला आहे. नगरपरिषदेची मुदत पाच वर्षांची असते आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे संविधान सांगते. परंतु २०२१ च्या अखेरीपासून राज्यातील बहुतेक नगरपरिषदांच्या मुदती संपत गेल्या, आणि इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न व प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकल्यामुळे निवडणुका लांबल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झाले. मधल्या काळात प्रशासक होते. म्हणजे सभागृह नव्हते, प्रश्न विचारणारा कोणी नव्हता; अंदाजपत्रक एकाच सहीने मंजूर होत होते.

आमच्या वस्तीत याची ओरड झाली का? मला तरी ऐकू आली नाही. कारण नगरसेवक 'माजी' झाले तरी त्यांचा ओटा चालू होता. फोन चालू होते, वर्गणी चालू होती, मयतीची हजेरीही चालू होती. अडले ते फक्त दाखल्यावरच्या सहीसाठी. एवढी वर्षे सभागृह बंद राहिले आणि लोकांना त्याची उणीव भासली नाही, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. दार उघडे होते म्हणून घर रिकामे आहे हे कोणाच्या लक्षात आले नाही.

नव्या सभागृहात आमच्या प्रभागातून एक ताई निवडून आल्या. महिलांसाठी एकतृतीयांश जागा घटनादुरुस्तीने राखल्या गेल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेले, हे आपण जाणतोच. निवडणुकीच्या पत्रकावर ताईंच्या फोटोशेजारी त्यांच्या पतींचा फोटो होता, आणि निवडून आल्यावर ओट्यावर बसले तेही पतीच. ताई सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत. पहिली विषयपत्रिका आली तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतले आणि म्हणाल्या, "बाळ, तू कालेजात जातीस, हे वाचून सांग." मी वाचू लागले. सहाव्या का सातव्या विषयात 'कार्योत्तर मंजुरी' असा शब्द आला. त्यांनी अर्थ विचारला. मी शब्द फोडून सांगितला : काम आधी, परवानगी मागून. ताई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे जेवण झाल्यावर विचारायचं, वाढू का?"

सभेत त्यांनी एवढाच प्रश्न विचारला, की हे काम कोणत्या गल्लीत झाले ते सांगा. उत्तर मिळाले नाही. विषय बहुमताने मंजूर झाला. परंतु ताईंनी आपला विरोध इतिवृत्तात लिहून घ्यायला लावला. त्याच दिवशी आमच्या गल्लीत पाण्याची पाइप फुटली होती. संध्याकाळी बायका म्हणत होत्या, "बाई निवडून आल्या आणि दारात भेटेनाशा झाल्या." वस्तीच्या पैशाचा हिशोब मागितल्याबद्दल त्यांना वस्तीतूनच बोल लागला. पुढच्या वेळी त्या सभेला जातील की पाइपजवळ उभ्या राहतील, हे त्यांच्यापेक्षा आपणच ठरवणार आहोत.

एकट्याच्या विरोधाने काय होते, असे कोणी म्हणेल. महात्मा जोतीराव फुले १८७६ मध्ये पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद झाले. त्या काळी निवडणूक नव्हती. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव आला तो १८८२ मध्ये. पुण्यात मोठ्या खर्चाची मंडई बांधण्याला फुल्यांनी विरोध केला. गरिबांच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष करून असा खर्च नको, अशी त्यांची भूमिका होती. विरोध डावलून मंडई झाली, १८८६ मध्ये ती सुरूही झाली. आज ती इमारत महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते! मत हरले, पण नोंद राहिली आणि तो प्रश्न आजही आपल्याला विचार करायला लावतो.

दुसरे उदाहरण महाडचे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत हा रावबहादूर बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात संमत झाला. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावात प्राण आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे न्यायालयात लढा चालला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. यातून दोन गोष्टी शिकता येतात. नगरपालिकेचा ठराव ही क्षुल्लक बाब नाही. तो करण्यासाठी आणि मोडण्यासाठीही माणसे जिवाचे रान करतात. आणि ठरावामागे लोक उभे राहिले नाहीत तर तो फायलीतच झोपतो.

मग आपण काय करावे? खेड्यात ग्रामसभा असते. तेथे निदान उभे राहून सरपंचाला विचारता येते. शहरात ती सवय रुजलेली नाही. पण विद्यार्थ्यांना काही गोष्टी सहज जमण्यासारख्या आहेत. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. दहा रुपयांचे शुल्क भरून सभेचे इतिवृत्त मागता येते. आपल्या प्रभागातील सदस्य किती सभांना हजर होता, कोणत्या विषयावर काय बोलला, हे त्यात सापडते. दहा रुपयांत आपल्या कॅन्टीनमध्ये एक चहा येतो. शिवाय आपल्यापैकी पुष्कळजण घरातील पहिलेच शिकलेले आहेत. विषयपत्रिकेची बोजड भाषा ओट्यावर बसलेल्या माणसांना सोपी करून सांगणे हे काम आपल्याशिवाय दुसरे कोण करील? प्राध्यापकांनी मनावर घेतले, तर राज्यशास्त्र मंडळाच्या विद्यमाने दर दोन महिन्यांनी असे एक वाचन घडवून आणता येईल.

मी एकोणीस वर्षांची आहे. मला मत देता येते. निवडणुकीला उभे राहायचे तर एकविसावे वर्ष पूर्ण व्हावे लागेल. आपल्यापैकी कोणी उभे राहील, कोणी राहणार नाही. परंतु प्रश्न विचारायला वयाची अट नाही. यापुढे मत मागायला कोणी आले, तर "हाकेला धावून याल ना?" हे जरूर विचारावे, आमच्यासारख्यांना ते विचारण्यावाचून गत्यंतर नाही. मात्र त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा : "मागच्या सभेत तुम्ही हात कशासाठी वर केला?"