संगणकापुढे बसलं की डोकं का दुखतं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुलै महिना लागला की देगलूरच्या सेवा केंद्रांमध्ये रात्री उशिरापर्यंत दिवे दिसतात. खरिपाच्या पीकविम्याची मुदत जवळ आलेली असते आणि दिवसा सर्व्हर धड चालत नाही, म्हणून अर्ज रात्री भरायचे. २०२४ च्या जुलैत तर पीकविमा आणि लाडकी बहीण योजना, दोन्हींचे अर्ज एकदमच आले. मी इथे संगणकाचे वर्ग घेतो. माझ्याकडे शिकून गेलेली कितीतरी मुलं-मुली आता अशा केंद्रांवर, पतसंस्थांमध्ये, वकिलांकडे टायपिंगला बसतात. भेटली की तक्रार ठरलेली : ‘सर, संध्याकाळ झाली की डोकं ठणकतं.’ ही तक्रार किरकोळ नाही. ठणकत्या डोक्याने गट नंबरातला एक आकडा चुकला तरी कुणाचा तरी विमा अडकतो.

पडद्यातून काही किरणं येतात आणि त्यांनी डोकं दुखतं, असा पुष्कळांचा समज असतो. त्या समजावर निळा प्रकाश अडवणारे चष्मे भरपूर खपले. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने याविषयीच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा साध्या काचांपेक्षा या काचांनी डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचं दिसलं नाही. ते पैसे आधी नंबर नीट तपासून घेण्यावर खर्च करावेत.

कारण खरा भार असतो डोळ्यातल्या एका बारीकशा स्नायूवर. लांब बघताना तो सैल असतो, जवळ बघताना त्याला आवळून राहावं लागतं. भरलेली कळशी कमरेवर घेऊन विहिरीवरून घरी येता येतं, पण तीच घेऊन दोन तास एका जागी उभं राहून बघा! त्यात आपण पडद्याकडे बघताना पापण्या मिटायचं विसरतो. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा लवणारी पापणी तिथे निम्म्याहूनही कमी वेळा लवते. डोळा कोरडा पडतो. वर पत्रे, बाहेर मराठवाड्याचा उन्हाळा, म्हणून पंखा थेट तोंडावर लावलेला असतो, मग विचारूच नका. पंखा पाठीमागून किंवा बाजूने घ्यावा.

‘मला लांबचं स्वच्छ दिसतं, मला कशाला चष्मा?’ हे उत्तर तरुण मुलं नेहमी देतात. थोडा अधिक नंबर असलेल्या तरुणाला लांबचं स्वच्छच दिसतं, पण ते दिसावं म्हणून डोळा आतून सतत जोर लावत असतो. जवळच्या कामात तो जोर आणखी वाढतो आणि दुपारनंतर कपाळ भरून येतं. थोड्याशा तिरप्या नंबराचंही तसंच आहे. म्हणून चार्टवरची शेवटची ओळ वाचता आली एवढ्यावर तपासणी संपवू नये, संगणकावर किती तास बसतो हे तपासणाऱ्याला आपणहून सांगावं. चाळिशी ओलांडलेल्यांची अडचण वेगळी. दुहेरी भिंगाच्या खालच्या भागातून पडदा बघायचा म्हणून ते हनुवटी वर करून बसतात आणि मान धरते. त्यांनी पडद्याच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेतलेला बरा.

मानेचं प्रकरण मला तर डोळ्यांपेक्षा मोठं वाटतं. आपल्या डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं. केंद्रावर अर्जाचा कागद टेबलावर आडवा पडलेला, तोही झेरॉक्सची झेरॉक्स. आमचा भाग तेलंगणा आणि कर्नाटकाच्या सीमेजवळचा, त्यामुळे नावं मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळ्या वळणांची. प्रत्येक अक्षराला मान खाली, मग वर. दिवसात हे किती वेळा होतं कुणी मोजत नाही. मानेचे स्नायू आवळले की डोक्याभोवती पट्टा करकचून बांधल्यासारखं दुखतं. साधा उपाय आहे : क्लिप लावलेली पाटी पडद्याच्या शेजारी उभी करून कागद तिच्यावर लावा. पडदा हातभर लांब आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली असू द्या. सातबाऱ्यावरची अक्षरं बारीक वाटली तर पुढे वाकू नका, अक्षरं मोठी करा. त्याला पैसे पडत नाहीत.

दुकानाचं शटर उघडं असतं आणि रस्त्यावरचं ऊन एक तर पडद्यावर चमकतं, नाही तर पडद्यामागून डोळ्यांत येतं. पडदा शटरला काटकोनात वळवला की बरंच काम होतं. अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ जेफ्री अँशेल यांनी सांगितलेला नियमही सोपा आहे : दर २० मिनिटांनी, २० फुटांपलीकडे, २० सेकंद बघायचं. आमच्याकडे सर्व्हर फिरत राहतो तेव्हा हा वेळ फुकटच मिळतो. तेवढ्यात मोबाइल काढला नाही म्हणजे झालं.

आणि जेवण. गर्दी आहे म्हणून दुपारचा डबा चार वाजता उघडायचा, मधे पाण्याऐवजी चहावर चहा. अशा पोटाने डोळे कितीही चांगले असले तरी डोकं दुखणारच.

मला खरी काळजी वाटते ती गोळ्यांची. मेडिकलमधून पट्टी आणायची, रोज एक घ्यायची, काम चालू. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी दहा किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. गोळी उतरली की दुखणं चढतं, म्हणून पुन्हा गोळी. हे चक्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडवावं. शिवाय डोक्याची एकच बाजू ठणकत असेल, मळमळत असेल, उजेड नकोसा होत असेल, तर ती अर्धशिशी असू शकते. तिचे उपचार वेगळे आहेत.

मात्र सगळं दुखणं संगणकाच्या माथी मारू नका. क्षणात वीज पडावी तसं डोकं दुखलं, तापाबरोबर मान ताठली, बोलताना जीभ अडखळली, हातपाय लुळे वाटले, एकाएकी दिसेनासं झालं किंवा डोक्याला मार लागल्यावर दुखणं वाढत गेलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा. देगलूरहून नांदेड सुमारे ८० किलोमीटर आहे, तेव्हा ‘सकाळी बघू’ म्हणू नका. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखायला लागलं तरीही तपासून घ्या. आणि एरवीच्या दुखण्यासाठी जाताना वहीत महिनाभराची नोंद न्या : कोणत्या दिवशी, किती वाजता दुखलं, त्याआधी जेवण कधी झालं होतं, गोळी कोणती घेतली.