आधी वजन, मग मेल

नगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचं घोडेगाव लोकांना माहीत असतं ते शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारामुळे, नाहीतर शनिशिंगणापूरच्या फाट्यामुळे. कांद्याची उलाढालही इथे मोठी. व्यापार म्हटला की पावत्या, करपत्रकं, बँकेचे उतारे आलेच, आणि हे सगळं आता मेलवर येतं. लाईट गेली किंवा रेंज पडली तरी जुनी मेल उघडता यावी, म्हणून काही जण सगळी मेलपेटी लॅपटॉपवर उतरवून ठेवतात. मग पहिला अनुभव ठरलेला: निळी पट्टी सरकत सरकत येते आणि कुठेतरी मध्येच रुतून बसते.

ती रुतते ती बहुतेक वेळा एखाद्याच जड मेलपाशी. समजा, पेटीत १०,००० मेल आहेत. त्यांतल्या ९,९०० साध्या, सरासरी २० केबीच्या. त्यांचं मिळून वजन सुमारे १९८ एमबी. उरलेल्या १०० मध्ये फोटो आणि स्कॅन केलेली कागदपत्रं, प्रत्येकी १० एमबी. म्हणजे १,००० एमबी. शंभरातली एक मेल, पण पाचांतले चार हिस्से भार तिचाच! त्या शंभर बाजूला ठेवल्या तर उरलेली पेटी साधारण सहापट लवकर उतरते.

पण मेल जड आहे हे ती न उतरवता कळणार कसं? गंमत इथेच आहे. महामार्गावरच्या वजनकाट्यावर ताडपत्री न सोडता ट्रकचं वजन कळतं, तसंच हे. मेल ज्या दूरच्या संगणकावर साठवलेली असते त्या सर्व्हरला विचारायचं, ‘अमुक क्रमांकाची मेल किती बाइटची?’ उत्तरादाखल येतो एक आकडा. ‘दहा लाख बाइटपेक्षा मोठ्या मेल कोणत्या?’ असं विचारलं तर नुसती क्रमांकांची यादी येते. त्याही पुढे जाऊन, ‘हिच्या पोटात काय काय आहे?’ असं विचारता येतं. मग सर्व्हर सांगतो: इथे दोन केबीचा मजकूर, इथे नऊ एमबीची पीडीएफ. आपण फक्त मजकूर मागवायचा आणि पीडीएफ तिथेच राहू द्यायची. हवं तर पहिले हजार बाइटच मागवायचे. इतकं डोकावूनही मेलवर ‘वाचली’ अशी खूण होऊ न देण्याची सोयसुद्धा आहे.

हे संभाषण ज्या नियमांनी चालतं त्यांना आयमॅप म्हणतात. त्याची सुरुवात १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी केली. मेल सर्व्हरवरच राहील आणि वाचणारा लागेल तेवढीच मागवील, हा त्यातला मूळ विचार. त्या काळात आपल्याकडे काय होतं? मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेतून १९८९ मध्ये अमेरिकेपर्यंत जी मेलची तार गेली, तिचा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट, म्हणजे १,२०० बाइट. जीमेलवरून आज जास्तीत जास्त २५ एमबीची जोडफाइल पाठवता येते. तेवढा ऐवज त्या तारेवरून यायला, तार दुसऱ्या कुणी वापरत नसतानाही, सुमारे सहा तास लागले असते.

मेल इतकी जड होते तरी कशाने? मूळची मेल इंग्रजी अक्षरांपुरतीच होती. नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये माइम नावाची पद्धत आणली आणि चित्र, आवाज, इतर लिप्या मेलमधून जाऊ लागल्या. त्या वर्षी ११ मार्चला बोरेनस्टाइन यांनी आपल्या गायकमंडळींचा फोटो आणि गाणं मेलला जोडून पाठवलं. युक्ती अशी, की दर तीन बाइट घ्यायचे आणि ते चार साध्या अक्षरांत लिहायचे. म्हणून अशी जोडफाइल वाटेत सुमारे एक तृतीयांशाने फुगते.

आपल्या लिपीला हा हिशेब अचूक लागू पडतो. संगणकाच्या प्रचलित युनिकोड पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं असतं, म्हणजे या सांकेतिक लेखनात बरोबर चार अक्षरांचं. ‘घोडेगाव’ मध्ये काना-मात्रा धरून सात चिन्हं: २१ बाइट, २८ अक्षरं. सातही चौकड्या ‘४’ आणि ‘के’ या जोडीनेच सुरू होतात! तरीही मजकूर हलकाच राहतो. मोबाईलवरच्या पाच एमबीच्या एका फोटोइतक्या बाइटमध्ये हजाराहून जास्त पानं मराठी मजकूर मावतो. भार वाढवतात ते फोटो.

आता खरी कसरत. मेल इथे लॅपटॉपवर नाही, तिथे सर्व्हरवर आहे, याचा अर्थ काय घ्यायचा? ती अजून उतरवलेली नाही, की मालकाने इथे खोडून टाकली? पहिला अर्थ असेल तर ती आणायची, दुसरा असेल तर तिथलीही खोडायची. ऑफलाइनआयमॅपसारखे प्रोग्राम त्यासाठी तीन याद्या ठेवतात: सर्व्हरवर काय आहे, इथे काय आहे, आणि मागच्या वेळी दोन्हीकडे काय जुळलं होतं. तिसऱ्या यादीत असून इथे नसेल, तर ती खोडलेली. तिसऱ्या यादीतही नसेल, तर ती नवी. आपण ठरवलेल्या वजनमर्यादेबाहेरची जड मेल तिसऱ्या यादीत कधी शिरतच नाही. त्यामुळे ती दर वेळी नवी ठरते, दर वेळी तिचं वजन पाहिलं जातं, दर वेळी तिला बाहेर ठेवलं जातं आणि सर्व्हरवर ती सुखरूप राहते. ही तिसरी यादी नसती, तर गाळलेली मेल आणि खोडलेली मेल यांतला फरक प्रोग्रामला कळलाच नसता.

हे सगळं वापरायला संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही. थंडरबर्डमध्ये खात्याच्या सेटिंगमध्ये समक्रमण आणि साठवणीचा भाग असतो. तिथे अमुक केबीपेक्षा मोठी मेल उतरवू नये, असं सांगता येतं. ऑफलाइनआयमॅपमध्ये ‘मॅक्ससाईझ’ नावाची एक ओळ पुरते. जीमेलच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘लार्जर’, पुढे विसर्गासारखी दोन टिंबं आणि जागा न सोडता ‘१०एम’ लिहा. दहा एमबीवरच्या सगळ्या मेल समोर येतील. आधी त्या नजरेखालून घाला, मग मर्यादा ठरवा. एक काळजी मात्र घ्या: जी पीडीएफ रेंज नसतानाच लागणार आहे, ती वेगळी उतरवून ठेवा. गाळणीला मेलचं वजन कळतं. तिची गरज किती, हे तुम्हालाच ठरवावं लागतं.