तीस सेकंद आणि पाच नावं

९ सप्टेंबर जवळ आला की आमच्याकडे नंदुरबारला हुतात्मा शिरीषकुमारचा देखावा बसवायला घेतात. तिरंगा धरलेला एक मुलगा, समोर लाकडी बंदूक रोखलेला शिपाई. दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत थांबतात. संवाद होतो, मागे फटाका वाजतो आणि मुलगा मागच्या मागे उडून पडतो. बघणाऱ्यांचे डोळे भरतात, माझेही भरतात. पण ते रोखून बघणं, ते उडून पडणं नंदुरबारचं नाही. ते सिनेमाचं आहे, आणि आपल्या सिनेमानं ते अमेरिकेच्या काउबॉयपटांतून घेतलं.

त्या पटांतली सगळ्यांत गाजलेली चकमक ॲरिझोनातल्या टूम्बस्टोन गावची, ‘ओके कोरल’ची. २६ ऑक्टोबर १८८१, दुपारचे साधारण तीन. कोरल म्हणजे घोडे बांधायचं आवार. चकमक त्या आवारात झालीच नाही. ती झाली फ्रेमाँट रस्त्यालगत, फ्लाय नावाच्या फोटोग्राफरच्या घराला लागून असलेल्या एका चिंचोळ्या मोकळ्या जागेत. एका बाजूला अर्प बंधू आणि त्यांचा साथीदार डॉक हॉलिडे, दुसऱ्या बाजूला आइक क्लँटन आणि त्याचे साथीदार. सुरुवातीला दोन्ही बाजूंमध्ये दोन-तीन पावलांचं अंतर होतं. सुमारे तीस सेकंदांत सुमारे तीस गोळ्या सुटल्या. तिघे मेले, तिघे जखमी झाले. जॉन स्टर्जिसच्या १९५७ च्या सिनेमात हीच चकमक कित्येक मिनिटं चालते आणि आइक क्लँटन तिथे मरतो. खऱ्या आइकच्या हातात हत्यार नव्हतं. गोळीबार सुरू होताच तो पळाला आणि वाचला. जॉन फोर्डच्या १९४६ च्या ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’मध्ये डॉक हॉलिडे याच चकमकीत पडतो. प्रत्यक्षात तो १८८७ मध्ये क्षयानं गेला. याच सिनेमात क्लँटनांचा म्हातारा बाप चकमकीला हजर आहे. खरा म्हातारा त्याआधी दोन महिने मारला गेला होता. आणि ज्या धाकट्या जेम्स अर्पच्या खुनावर सगळी कथा उभी आहे, तो खरा जेम्स भावांत मोठा होता आणि १९२६ पर्यंत जगला!

बंदुकीबद्दलही पडदा खोटंच सांगतो. त्या काळची काळी दारू दाट धूर सोडायची. चार-सहा बार झाले की त्या बोळकांडीत समोरचा माणूस धूसर व्हायचा. पडद्यावर मात्र हवा लख्ख असते. गोळी लागलेला माणूस उडतही नाही. त्याला उडवण्याइतका धक्का गोळीत असता, तर तेवढाच धक्का बसून बंदूक झाडणाराही मागे फेकला गेला असता. माणूस बहुतेकदा जागच्या जागी खाली बसतो, कधी चार पावलं चालतोही.

हे सगळं मी एक वेळ समजून घेईन. मला जास्त खुपते ती दुसरी चूक. टूम्बस्टोनचा मार्शल होता व्हर्जिल अर्प. त्या दिवशी जबाबदारी त्याची, हुकूम त्याचा, आणि जखमही त्याला झाली. सिनेमांनी नायक केला त्याच्या भावाला, वायटला. व्हर्जिल १९०५ मध्ये वारला. वायट १९२९ पर्यंत जगला, आणि १९३१ मध्ये स्टुअर्ट लेकनं त्याचं चरित्र लिहून त्याला देवत्व दिलं. पुढचे सिनेमे त्या पुस्तकाच्या मागे गेले. चकमकीनंतर अर्प बंधू आणि हॉलिडे यांच्यावर खुनाचा आरोप आला, न्यायाधीश स्पायसर यांच्यापुढे जवळपास महिनाभर सुनावणी झाली, साक्षीदारांनी शपथेवर एकमेकांच्या उलट सांगितलं, शेवटी आरोपी सुटले. सिनेमाला इतकी माणसं नको असतात. त्याला एकच माणूस हवा असतो.

आपणही तेच करत आलो. १९४२ साली, चले जाव चळवळीच्या पहिल्या दिवसानंतर बरोबर महिन्यानं, ९ सप्टेंबरला तेव्हाच्या पश्चिम खानदेशातल्या नंदुरबारमध्ये शाळकरी मुलांची मिरवणूक निघाली आणि पोलिसांनी तिच्यावर गोळ्या झाडल्या. ती चकमक नव्हती. बंदुका एकाच बाजूला होत्या. शिरीषकुमार मेहता गेला. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही गेले. माणिक चौकातल्या हुतात्मा स्मारकावरून रोज जाणाऱ्या किती जणांना ही चार नावं एका दमात सांगता येतील? देखाव्यात त्यांना जागा नसते, कारण डोळ्यांत डोळे घालून उभं राहायला दोघंच लागतात. मिरवणुकीतल्या बाकीच्या मुलामुलींना तर तिथे कुणी उभंही करत नाही. रंगमंचावर पन्नास पोरं आणायला काय हरकत आहे? गोंधळ होऊ दे, घोषणा एकमेकींत मिसळू देत, कोण पडलं ते लगेच कळू नये. पाच मुलं आपापल्या जागी खाली बसावीत, आणि मग एकेकाचं नाव घेतलं जावं.

देखाव्याच्या निवेदनात आणखी एक दुरुस्ती हवी. शिरीषकुमारला सर्रास सोळा वर्षांचा म्हणतात. त्याचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. त्या दिवशी तो पंधरा वर्षं आठ महिन्यांचा होता. सोळावा वाढदिवस अजून साडेतीन महिने पुढे होता.